जाड टायरांचा माग

दिवाळी सरल्यावर भागवतनं संभाजीनगरहून ती गाडी आणली. दोन दिवस अख्खं गाव ती बघायला त्याच्या आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर, जाऊन आलं. चार जाड टायर, मोटारसायकलीसारखं हँडल, वर छप्पर नाही, मागं सळयांचं लोखंडी कॅरेज. चिखलातून, बांधावरून, नांगरलेल्या ढेकळांतूनसुद्धा ती सरळ जायची. तिच्या आवाजावरून बायकांनी तिचं नाव टरटरी ठेवलं आणि तेच राहिलं.

भागवतचा बारा एकर ऊस दुधना नदीच्या काठी होता आणि त्या उसात रानडुकरांचा मुक्काम होता. त्यानं कडेनं जुन्या साड्या बांधल्या, फटाके वाजवले, भोंगाही लावून बघितला. डुकरं चार दिवस दबली आणि परत आली. तेव्हा तो सांडूच्या दारात आला.

सांडू पन्नाशी ओलांडलेला धनगर. त्याच्या वडलांच्या काळापर्यंत घरात दोनशे मेंढरं होती, पावसाळा संपला की सगळं बिऱ्हाड गोदाकाठाला निघायचं. सांडूच्या वाट्याला तीन एकर रान आलं, चाळीस मेंढरं आली आणि दोन शिकारी जातीचे कारवानी कुत्रे. वजीर करड्या रंगाचा, थोराड. लाखी तांबूस, अंगानं सडपातळ, पोट आत गेलेलं, पाय लांब. वाटूरच्या आसपास असले कुत्रे बऱ्याच जणांकडं होते. पण धावत्या कुत्र्यानं एका शिट्टीवर मागं फिरावं, हे फक्त सांडूच्या कुत्र्यांनाच येत होतं.

"मामा, एक महिना या माझ्यासंगं," भागवत म्हणाला. "तुमी गाडीवर मागं बसा, कुत्रे खाली पळतील. डुकरं नदीपल्याड गेली की झालं. मारायचं न्हाई, नुसतं हाकायचं."

"इचारून सांगतो," सांडू म्हणाला.

तो गेल्यावर इंद्रायणीनं, सांडूच्या बायकोनं, भाकरी थापता थापता विचारलं, "त्याच्या घरचे चार गडी हायत, भाऊ हाय. तुमच्याकडंच कामून आला?"

"कुत्रे आपले हायत म्हणून."

"उद्या काही झालं तर तवाबी म्हणतीन, कुत्रे ह्यांचे हायत म्हणून."

सांडूला ते खरं वाटलं होतं, पण ती गाडी बघितल्यापासून तिच्यावर बसायचं त्याच्या मनात होतं. ते बायकोला सांगायची त्याला लाज वाटली.

पहिल्या दिवशी सकाळी सातला ते निघाले. दोन्ही कुत्रे कॅरेजवर सांडूच्या मांडीला चिकटून उभे होते आणि आवाजानं थरथरत होते. उसाच्या कडेला भागवतच्या गड्यांनी पत्र्याचे डबे बडवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं उसाची पानं आतल्या आत हलली, मग डझनभर डुकरं खालच्या अंगानं बाहेर पडली आणि सोयाबीन काढलेल्या रिकाम्या रानातून नदीकडं सुटली. सांडूनं कुत्र्यांच्या पट्ट्यातला हात काढला. भागवतनं गाडी त्यांच्यामागं सोडली.

त्या धावण्यात सांडू वय विसरला. टरटरी ढेकळांवरून उडत होती, तो एका हातानं सळई धरून उभा राहिला होता. दोन्ही बाजूंना त्याचे कुत्रे जमिनीला पोट लावून पळत होते. मेंढरांमागं तो आयुष्यभर चालला होता, इतक्या वेगानं कधी गेला नव्हता. नदीच्या अलीकडं एक मोठी मादी मागं राहिली. लाखीनं तिचा कान धरला. सांडूनं शिट्टी मारली, तशी लाखी सुटून मागं आली आणि डुकरीण पाण्यात उतरून पल्याड गेली.

भागवत गाडी थांबवून हसत होता. "मामा, बराबर काम झालं," तो म्हणाला.

महिना असाच गेला. दिवसाआड फेरी व्हायची. परत आल्यावर इंद्रायणी कुत्र्यांना दुधात चुरलेली भाकरी घालायची. पुढंपुढं टरटरीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की लाखी खुंट्याला ताण देऊन उभी राहायची आणि कण्हायची. सांडूला त्याचं कौतुक वाटायचं.

शेवटच्या आठवड्यात एका नरानं वळून वजीरला सुळा मारला. खांद्यापासून बरगडीपर्यंत कातडी उकलली. तरी वजीरनं त्याला सोडलं नाही, लाखीही येऊन भिडली. सांडू शिट्ट्या मारत खाली उतरला आणि धावत गेला. भागवत मात्र गाडीवरच बसून मोबाइल धरून होता. ते सांडूनं बघितलं. त्या संध्याकाळी तो व्हिडिओ गावातल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलवर होता: दोन कुत्रे, मधे डुक्कर, आणि वरून भागवतचं हसणं.

दोन दिवसांनी वनरक्षक दैवशाला सांडूच्या दारात आली. तिशीतली बाई, खाकी कपडे, मोटारसायकल स्वतः चालवत आलेली. तिनं वजीरची जखम बघितली, लाखीच्या तोंडाकडं बघितलं आणि अंगणातल्या बाजेवर बसली.

"काका, डुकरं हाकायला तुमाला कुणी मना केलं न्हाई," ती म्हणाली. "पण कुत्रे लावून जनावर धरलं की ती शिकार होती. तो व्हिडिओ माझ्या साहेबांनी बघितलाय."

"ते धरायला सांगितलं नव्हतं म्या."

"मंग कुणी सांगितलं?"

दैवशालानं एक कागद काढून त्यावर त्याची सही घेतली. पुन्हा कुत्रे जनावरावर सोडणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. जाताना ती म्हणाली, "तुमच्या माळावर हरणं हायत, हे मला ठाऊक हाय. एक जरी कमी झालं तरी मी आधी इथंच येणार."

त्या दिवसापासून फेऱ्या बंद झाल्या. सांडू टरटरीवर बसला नाही आणि भागवतनं बोलावलंही नाही. वजीर गोठ्यात पडून राहायचा. लाखीला इंद्रायणी सकाळी साडेसातला सोडायची. अर्ध्या तासात ती मागं यायची आणि भाकरीला तोंड लावायची. टरटरीचा आवाज मात्र रोज सकाळी आठच्या सुमाराला यायचा. ती गावाबाहेरून वर जायची, उसाच्या उलट दिशेला, माळाकडं.

माळावर भागवतचं काहीच नव्हतं. ती गायरानाची जागा होती, कुसळी गवताची, आणि त्या गवतात तीस-पस्तीस हरणांचा कळप राहायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कचरूला माळावर मेलेली हरणी सापडली. कचरूचं हरभऱ्याचं रान माळाला लागून होतं. त्यानं आधी वनखात्याला फोन केला आणि मग गावाला सांगितलं. सांडू तिथं पोचला तेव्हा दैवशाला पंचनामा करत होती. हरणीचा गळा फाटलेला होता. मागची मांडी कोल्ह्यांनी खाल्ली होती. वीस पावलांवर जाड टायरांचा माग होता, ओल्या मातीत नक्षी उठलेली. तसले टायर पंचक्रोशीत एकाच गाडीला होते.

लोक त्या मागाकडं बघत होते आणि नाव घेत नव्हते. सांडूनं मागाकडं बघितलं नाही. लहानपणापासून चुकलेली मेंढरं शोधलेली, त्यामुळं त्याची नजर आपसूक जमिनीवर फिरत होती. हरणीच्या डोक्याजवळ कुत्र्याचा पंजा उठला होता. पुढचा डावा पाय. मधल्या एका बोटाचं नख नव्हतं.

लाखीचं ते नख ती पोटुशी असताना दगडात अडकून उपसलं होतं. इंद्रायणीनं त्याला हळद बांधली होती.

सांडू एक पाऊल पुढं सरकला आणि चप्पल त्या पंज्यावर ठेवून, पाय हलवल्यासारखं करून घासली.

"कुत्र्याचं काम दिसतंय," दैवशाला म्हणाली. "काका, तुमची कुत्री काल सकाळी कुठं होती?"

"बांधलेली."

"आणि कुत्रा?"

"त्याला तर उठताबी येत न्हाई. तुमी बघितलंय."

तिनं वहीत लिहिलं. बराच वेळ ती त्याच्या पायाकडं बघत होती, की त्याला तसं वाटलं, हे त्याला कळलं नाही.

घरी येईपर्यंत त्यानं सगळं मनाशी जुळवलं होतं. भागवतला धावण्याची चटक लागली होती. सांडू जात नाही म्हणून तो एकटा जात होता, आणि सकाळी सुटलेल्या लाखीला वाटेत गाडीवर घेत होता. ती जाणारच, ती त्याला ओळखत होती. हरणं धरून तो काय करत असेल? विकत असेल, नाहीतर त्या मोबाइलवर कुणाला दाखवत असेल. आणि उद्या सापडला की कुत्री सांडूची. इंद्रायणी म्हणाली होती तसंच.

"लाखी काल किती वाजता आली?" त्यानं इंद्रायणीला विचारलं.

"काल उशीर केला तिनं. भिजून आल्ती. भाकरीबी खाल्ली न्हाई." मग ती त्याच्याकडं बघत राहिली. "कामून इचारता?"

"असंच."

तीस वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यापासून फार गोष्टी लपवल्या नव्हत्या. ही लपवली. तिला सांगितलं तर ती कुत्रीला त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकील, ही भीती होती. आणि पंजा पुसल्याचं तोंडानं बोलायचं, ही त्याहून मोठी.

तो भागवतच्या आखाड्यावर गेला. भागवत टरटरीच्या सीटवर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत होता. सांडू दिसताच त्यानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"सकाळी माळाकडं जाता म्हणं तुमी," सांडू म्हणाला.

"जातो की. पाइपलाइन बघायला."

"माळावर कुठली पाइपलाइन?"

भागवतनं मोबाइल खिशात घातला. "टाकायची हाय. जागा बघून राह्यलो."

गायरानात कोण पाइपलाइन टाकतो, हे सांडूनं विचारलं नाही. भागवतच्या चेहऱ्यावर लबाडी होती आणि तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, ते त्याला ओळखता आलं नाही. ती भीती असावी असं त्यानं धरलं.

"हरणीजवळ तुमच्या गाडीचा माग हाय, भागवतराव."

"गाडीनं हरणीचा गळा फाडला का, मामा?" भागवतचा आवाज चढला नाही, पण बदलला. "कुत्र्याचं काम हाय म्हणतात. गावात हरणाला गाठील अशी कुत्री एकच. ती सकाळी कुठं असती, ते तुमी सांगा."

सांडू वळून चालू लागला. वाटेत त्याच्या लक्षात आलं, की भागवत घाबरलेला नव्हता. त्याला सांडूचाच संशय होता. टरटरीच्या मागामागं जाऊन, तिच्या नावावर शिकार करणारा म्हातारा, असं तो त्याला समजत होता. की तसं दाखवत होता? हे काही सांडूला ठरवता आलं नाही, आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

पुढच्या दिवसांत गावाचं वागणं बदललं. वाटूरच्या फाट्यावर चहाला गेलं की बोलणं थांबायचं. कचरूनं एकदा सरळ विचारलं, "मामा, हरणाची चव कशी राहती?" आणि बाकीचे हसले. लाखीला बांधून ठेवावं, हे सांडूला कळत होतं. पण बांधून ठेवलं तर भागवत कधीच सापडणार नव्हता. म्हणून त्यानं इंद्रायणीला काही सांगितलं नाही, लाखीला रोजच्यासारखं सुटू दिलं, आणि स्वतः उजाडायच्या आधी माळावर जाऊन बसायला लागला. मेंढरं शेजाऱ्याकडं दिली आणि पाय दुखतोय म्हणून सांगितलं.

माळाच्या मधोमध एक कोरडा ओढा होता. त्याच्या काठाला सांडू घोंगडी पांघरून बसायचा. पहिल्या दिवशी टरटरी आली, टेकाडाच्या माथ्यावर थांबली, अर्ध्या तासानं निघून गेली. लाखी आली नाही. दुसऱ्या दिवशी धुकं होतं, काही दिसलं नाही. नुसता आवाज आला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी ऊन लवकर पडलं. कळप ओढ्यापलीकडं चरत होता, दोन काळे नर, बाकी माद्या आणि पाडसं. आठ वाजता टरटरीचा आवाज आला. हरणांनी माना वर केल्या. गाडी चढ चढून माथ्यावर गेली आणि भागवतनं इंजिन चालूच ठेवलं. कॅरेज रिकामं होतं. सांडूनं डोळ्यांवर हात धरून दोनदा बघितलं. कॅरेजवर कुत्री नव्हती आणि गाडीमागंही नव्हती. भागवतनं कळपाकडं पाठ केली आणि मोबाइल कानाला लावला.

मग सांडूला लाखी दिसली. ती गावाकडून येत होती, एकटी. गाडीपासून ती पार दूर होती आणि गाडीकडं बघतही नव्हती. तिचे कान त्या आवाजावर होते आणि डोळे कळपावर. महिनाभर तिला हेच शिकवलं होतं. तो आवाज झाला की जनावर उठणार, आणि जनावर उठलं की पळायचं.

कळप फुटला. हरणं आवाजापासून लांब, सांडूच्या बाजूला सुटली. लाखी तिरपी आत शिरली.

सांडू उठून उभा राहिला आणि त्यानं शिट्टी मारली. लाखीनं मान वळवली नाही. त्यानं पुन्हा मारली. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या कुत्र्यानं त्याचं ऐकलं नाही. ओढ्याच्या काठावर एका मादीचा पाय घसरला आणि लाखीनं तिची मांडी धरली.

तो धावला, दोनदा पडला. पोचला तेव्हा हरणी खाली होती आणि लाखी गळ्याकडं वळत होती. त्यानं तिचा पट्टा धरून सगळा जोर लावून मागं ओढलं, तिच्या पाठीत एक रट्टा घातला. ती कळवळून बाजूला झाली आणि त्याच्याकडं बघत, शेपूट पायात घालून उभी राहिली. आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं.

हरणीच्या मांडीतून रक्त वाहत होतं. डोळे उघडे होते. सांडूनं डोक्याचा पटका सोडला आणि जखमेवर आवळून बांधला. वर बघितलं तर भागवत टेकाडावरून गाडी खाली आणत होता.

"मी बघितलं," तो उतरता उतरता म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मामा, मी तिला आणली न्हाई."

"म्याबी बघितलं," सांडू म्हणाला.

मोबाइल अजून भागवतच्या हातात होता आणि त्यातून बारीक आवाज येत होता. कुणीतरी बाई सारखं विचारत होती, "दादा, काय झालं? दादा?" भागवतनं तो कानाला लावला आणि म्हणाला, "शालू, मंग करतो बाई." आणि बंद केला.

शालू त्याची मुलगी, बापाला ती दादाच म्हणायची. दोन वर्षांपूर्वी तिनं पुण्यात आपल्या मनानं लग्न केलं. भागवतची आई चतुराबाई आणि धाकटा भाऊ आदिनाथ यांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं ठरवलं. त्या दिवशी भागवतही मान खाली घालून हो म्हणाला होता. हे सगळं गावाला माहीत होतं. तो रोज सकाळी माळावर येऊन तिच्याशी बोलतो, हे मात्र कुणाला माहीत नव्हतं.

"आठ वाजता ती कामाला निघती," भागवत म्हणाला. "घरी, आखाड्यावर, कुठंबी कुणी ना कुणी असतंच. हितंबी कचरूचं रान लागून हाय, पण गाडी चालू असली की बोललेलं ऐकू जात न्हाई."

सांडूनं मान हलवली. पाच दिवस त्यानं या माणसाला काय काय समजलं होतं, ते त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. पण माफी मागायला वेळ नव्हता.

"ही जगती," तो हरणीवर हात ठेवून म्हणाला. "जल्दी नेली तर."

"कुठं?"

"वाटूरला, जनावरांच्या दवाखान्यात. आणि त्या म्याडमला फोन लावा."

भागवत जागचा हलला नाही. "मामा, हिला गाडीवर घालून गावातून नेलं तर लोक काय म्हणतीन?"

"जे म्हणून राह्यलेत तेच म्हणतीन."

भागवतनं फोन लावला. हरणीला घोंगडीत गुंडाळून कॅरेजवर घेतली आणि सांडू तिला मांडीवर धरून बसला. लाखीचा पट्टा दोरीनं कॅरेजला बांधावा लागला, तिला एकटी सोडायची त्याची हिंमत नव्हती. तसे ते गावातून गेले. पुढं भागवत, मागं रक्तानं भरलेला सांडू, त्याच्या मांडीवर हरीण आणि बाजूला शिकारी कुत्री. दारादारांत माणसं उभी राहिली. कुणी काही विचारलं नाही. पण वाटूरच्या फाट्यावर पोचेपर्यंत त्यांच्या आधी त्यांची बातमी पोचली होती आणि दहा-बारा मोबाइल त्यांच्याकडं रोखलेले होते.

"सापडले," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

इंद्रायणी शेजाऱ्याच्या मोटारसायकलीवर बसून आली, आदिनाथ जीप घेऊन आला. डॉक्टरनं हरणीला आत घेतलं. दैवशाला आली तेव्हा दवाखान्याच्या आवारात उभं राहायला जागा नव्हती. तिनं आधी आत जाऊन जनावर बघितलं, मग बाहेर येऊन पायरीवर बसली आणि वही उघडली.

"सांगा," ती सांडूला म्हणाली.

सांडूनं सांगितलं. पहिल्यापासून, उसातल्या पहिल्या फेरीपासून. पहिली हरणीही लाखीनंच मारली असणार, हे त्यानं आपण होऊन सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, कुणी विचारलं नव्हतं. "तिथं तिचा पंजा होता," तो म्हणाला. "मधलं नख नसलेला. म्या तो पायानं पुसला."

इंद्रायणी त्याच्याकडं बघत होती. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं.

"पुसताना मी बघितलं होतं," दैवशाला शांतपणे म्हणाली. "कधी सांगता याची वाट बघत होते." मग तिनं भागवतकडं तोंड केलं. "आणि तुमी? रोज माळावर कशाला जात होता?"

आदिनाथ भावाच्या अगदी शेजारी उभा होता. भागवतनं एकदा त्याच्याकडं बघितलं. पाइपलाइन, सांडूला वाटलं. आता हा पाइपलाइन म्हणणार, आणि मग आपलं कुणी खरं धरणार नाही. दोघांनी मिळून शिकार केली आणि जनावर जिवंत राहिलं म्हणून घेऊन आले, असंच लिहिलं जाणार.

"मुलीशी बोलायला," भागवत म्हणाला. "शालूशी. रोज आठला." त्यानं मोबाइल उघडून दैवशालाच्या हातात दिला. "बघा. दोन महिन्यांचे सगळे फोन हायत. कुत्री आजच्या आधी मी माळावर एकदाबी बघितली न्हाई. माझी पाठ राहती तिकडं."

दैवशाला बोट फिरवत बराच वेळ बघत राहिली. आदिनाथ गर्दीतून वाट काढत जीपकडं गेला. जीप निघाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

हरणीला अकरा टाके पडले. आठवड्यानं ती उभी राहिली आणि वनखात्यानं तिला गाडीत घालून दुसऱ्या बाजूच्या जंगलात नेऊन सोडलं, असं दैवशालानं सांगितलं. पहिल्या हरणीची केस मात्र झाली. सांडूनं कुत्री मोकळी सोडली आणि पुरावा पुसला, म्हणून नाव त्याचं लागलं. डुकराच्या व्हिडिओसाठी भागवतचं नावही त्यात आलं. गावात काहींनी दोघांचं खरं मानलं. कचरूसारख्या काहींनी शेवटपर्यंत मानलं नाही. त्यांच्या मते मुलीच्या फोनची गोष्ट मागाहून रचलेली होती.

इंद्रायणी चार दिवस सांडूशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "कुत्रीपायी न्हाई राग आला. मी इचारलं तवा 'असंच' म्हणालात, त्याचा आला."

"तू तिला देऊन टाकली असती."

"इचारून तर बघायचं होतं."

लाखीला तिनं दिलं नाही. गोठ्यात वजीरशेजारी साखळीनं बांधली आणि दिवसातून दोनदा सांडूनं तिला दोरीला धरून फिरवायचं, असं ठरलं. वजीरची जखम भरली, पण तो लंगडतच राहिला.

फेब्रुवारीत परतूरच्या कोर्टात तारीख लागली. सांडू एसटीनं गेला. भागवत आधीच येऊन बाहेरच्या बाकावर बसला होता. सांडू त्याच्या शेजारी बसला. दोघांची नावं पुकारायला वेळ होता. भागवत जाऊन दोन चहा घेऊन आला.

"आईनं इचारलं परवा," कप हातात देत तो म्हणाला. "शालू कधी येती म्हणून. तिला काय सांगायचं ते मला सुचलं न्हाई."

"म्हंजे येऊ दे म्हणली का?"

"येऊ दे न्हाई म्हणली. कधी येती, म्हणली." भागवतनं चहाचा घोट घेतला. "आदिनाथ अजून बोलत न्हाई."

सांडूनं चहा पिला. बराच वेळ त्याच्या मनात एक प्रश्न होता. माळावर त्या दिवशी सांडू नसता, हरणी तिथंच मेली असती, तर भागवतनं मोबाइल कुणाला दाखवला असता का? तो प्रश्न त्यानं विचारला नाही. भागवतच्या मनातही त्याच्याबद्दल असाच एखादा प्रश्न असेल, पंजा पुसणाऱ्या माणसाबद्दल, असं त्याला वाटलं.

"उन्हाळ्यात बोलवा तिला," तो म्हणाला. "ऊस तुटलेला राहतो. तुमालाबी सवड राहती."

आतून शिपायानं आधी सांडूचं नाव पुकारलं. त्यानं कप बाकाखाली ठेवला, पटका नीट केला आणि उठला. भागवतही त्याच्याबरोबर उठला.